शेजारची सीट

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोन करायचा म्हणजे शिक्षा आहे. दोन वाक्यं होतात न होतात तोच भाडं आलं म्हणून तू ठेवून देतोस. त्यापेक्षा आपली पत्राची जुनी सवय बरी, निदान मध्येच कुणी कापत नाही.

माझं म्हणशील तर चालायचं तसं चाललंय. वाहतूक खात्याच्या ज्या खोलीत मी बसते तिला खिडकी आहे, पण ती कपाटामागे गेली आहे. त्या खोलीत सध्या नवं काम येऊन पडलंय. फोनवरून टॅक्सी बोलावतात ना, त्या कंपन्यांना आजवर विचारणारं कुणी नव्हतं. आता त्यांना आणि त्यांच्या चालकांना सरकार नियम लावणार आहे, आणि त्या नियमांचा मसुदा करायचाय मी. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हे लोढणं माझ्याच गळ्यात यायचं होतं. साहेबांनी बैठका घेतल्या. कंपन्यांचे वकील आले, प्रवासी संघटनेच्या बाई आल्या, चालकांचे म्हणून एक पुढारी आले. त्यांनी स्टिअरिंग शेवटचं कधी धरलं ते त्यांनाच आठवेना. सगळे उंटावरचे शहाणे. घरी येताना मनात आलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझा सख्खा भाऊ सहा वर्षं असल्या कंपनीसाठी गाडी चालवतोय, त्याला का विचारू नये?

तर खरंखरं लिही. सलग किती वेळ चालवणं माणसाला झेपतं? कंपनी एखाद्याचं खातं बंद करते तेव्हा त्याला बोलायची संधी मिळते का? आणि चालकाशेजारी दुसरं माणूस बसवायची मुभा असावी की नसावी? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या बैठकीत दोन तास भांडण झालं आणि चहा गार झाला.

वहिनीला म्हणावं, तुझं काय बिनसलंय? तुझ्या प्रत्येक पत्राखाली तिच्या दोन ओळी असायच्या, त्यातली एक तुझी चुगली असायची. गेल्या तीन पत्रांत काही नाही. तिनं शिवलेला कोट ऑफिसात घालते, थंडी कमी आणि हेवा जास्त अशी गंमत होते. तिला सांग, रागावली असेल तर रागाचं तरी लिही.

प्रकृतीला जप. लोभ आहे तो राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी,
मास्तरीण

२० जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. लहानपणी घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायचीस, आता सरकार त्याचा पगार देतंय. चांगलं आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. किती वेळ झेपतं याला अर्थ नाही, कारण एक भाडं उतरायच्या आत फोनवर दुसरं आलेलं असतं. माणूस थांबला तर त्याला कळणार ना की आपण दमलोय! तो फोन नाही, मुकादम आहे. तेव्हा मध्ये थांबायची सक्तीच करा, चालकाच्या मर्जीवर ठेवू नका. तो पोटासाठी चालवतच राहील.

खातं बंद करतात ते असं. सकाळी गाडी पुसून फोन उघडावा तर पडद्यावर लिहिलेलं असतं की तुम्ही आता नाही. का, ते विचारायला माणूस नाही. आमच्या थांब्यावर एक जाडा म्हणून आहे, दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीपायी दोन महिने घरी बसला. फाशीच्या कैद्यालाही शेवटचं विचारतात. आम्हाला समोर बसवून विचारा, एवढंच मागणं आहे.

आता तिसरं. परवा संध्याकाळी स्टेशनबाहेर एक मुलगी माझ्या गाडीत बसली, थरथरत होती. आधीची गाडी तिनं परत पाठवली होती, कारण त्या चालकाशेजारी त्याचा दोस्त बसलेला. चालक म्हणे हसून म्हणाला की घाबरायचं काय त्यात, आपलाच माणूस आहे. अगं, त्याचा आपला, तिचा कोण? माझ्या गाडीत ती पोरगी जरा वेळानं गाढ झोपली, उतरताना उठवावं लागलं. म्हणून सांगतो, भाडं चालू असताना गाडीत एक चालक आणि त्याचं गिऱ्हाईक, दुसरं माणूस नको. हे माझं स्पष्ट मत आहे, लिहून घे.

वहिनी बरी आहे. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणून लिहायला कंटाळते. तुझी आठवण काढते.

दमलो, आवरतं घेतो. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेढे वाटायला हवेत, पण हात उचलवत नाही इतकी थकले आहे. नियम झाले! मंत्र्यांची सही झाली, येत्या महिन्यापासून लागू. तीन महिन्यांत सतरा वेळा मसुदा फिरला आणि दर वेळी कुणीतरी एक स्वल्पविराम काढून आपण काम केल्याचं समाधान मिळवलं.

तुझं सगळं घेतलंय बरं का. थांबायची सक्ती आली. आता सुनावणी घेतल्याशिवाय कंपनीला खातं कायमचं बंद करता येणार नाही. सुनावणीला आमच्या खात्याचा अधिकारी बसेल, चालकाला समोर बसवून विचारेल. कंपन्यांचे वकील यावर खूप तडफडले. मी मनात जाड्याला नमस्कार केला.

आणि शेजारच्या सीटचं तर तुझंच वाक्य गेलंय. त्या मुलीची हकिगत मी बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा भांडण तिथंच मिटलं. प्रवासी संघटनेच्या बाईंनी डोळे पुसले. फक्त एका वकिलानं शंका काढली की प्रत्येक चालक दोस्ताला चुलतभाऊ म्हणून बसवेल, त्याचं काय करणार? म्हणून मग मी माझ्या हातानं पुढं जोडलं की दुसरी व्यक्ती नातेवाईक असली तरीही चालणार नाही. भोक राहिलं की उंदीर येतातच.

एवढ्या वर्षांत खात्यात बसून मी कुणाच्या उपयोगी पडले असेन तर ते या वेळी, असं मला खरंच वाटतं. आणि त्यात अर्धा वाटा तुझा आहे. वहिनीला वाचून दाखव. चष्मा आला का तिचा? कुठल्या देशातून येतोय?

तुझ्या कौतुकाच्या आशेवर पत्र संपवते. लोभ कमी पडत असेल तर कळव, पाठवून देईन.

तुझी,
मास्तरीण

१५ एप्रिल

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

फार चांगलं काम केलंस. बाबा असते तर पत्र घेऊन गल्लीभर फिरले असते. थांब्यावर मी सांगितलं की सुनावणीचा नियम माझ्या बहिणीनं लिहिला, तर जाड्यानं मला चहा पाजला.

एक विचारायचं होतं. घाई नाही. इथं माझ्या ओळखीचा एक चालक आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्याच्या बायकोचं डोकं हल्ली साथ देत नाही. विसरते. नुसतं चष्मा कुठं ठेवला असं नाही, गॅस लावून विसरते, घराबाहेर पडली की परत यायचं विसरते. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तो तिला गाडीत शेजारी बसवून नेतो. गेलं दीड वर्ष नेतोय. ती काही बोलत नाही, बाहेर बघत बसते. गिऱ्हाइकांनाही आवडते, कुणी कुणी तिला फुलं देऊन गेलंय. तर अशा माणसासाठी तुमच्या नियमात काही सवलत असते का? अर्ज वगैरे करून? तो बिचारा मला रोज विचारतो म्हणून लिहिलं.

इकडे ऊन वाढलंय. बाकी ठीक.

तुझा,
दादा

२२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या ओळखीच्या चालकाचं वाचून वाईट वाटलं. पण सवलत नाही रे. एकाला दिली की दुसऱ्या दिवशी हजार जणांच्या बायका, आया आणि मावश्या आजारी पडतील. डॉक्टरांचं सर्टिफिकेट काय, बाजारात मिळतं. आणि त्या बाईंनी चालत्या गाडीचं दार उघडलं तर? विमा कंपनी हात वर करेल. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे मला ठाऊक आहे, पण नियम लिहिताना ओलं कुठलं ते दिसत नाही.

खरं सांगू? तू त्याला समजाव. आजारी बायकोला दिवसभर उन्हातान्हात गाडीतून फिरवायचं म्हणजे तिचेच हाल. त्याला ते प्रेम वाटत असेल, पण त्यात त्याचीही सोय असणार. एखादी बाई ठेवावी घरी तिच्याजवळ, किंवा नातेवाइकांना सांगावं. माणसं नातेवाइकांना सांगत नाहीत आणि मग सरकारकडे सवलत मागतात.

कडक लिहिलं का? दिवसभर असल्याच अर्जांना उत्तरं देतेय, हात तसाच वळतो. वहिनीला नमस्कार. तिचा चष्मा आल्याशिवाय मी आता तिच्याशी बोलणार नाही!

लोभ धरून ठेव.

तुझी,
मास्तरीण

९ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

माझं खातं तूर्त बंद झालंय. सुनावणी सत्तावीस तारखेला आहे. नोटिशीवर तुझ्या खात्याचा शिक्का आहे, आज ना उद्या तुझ्या टेबलावरून कागद जाईल, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

तो ओळखीचा चालक म्हणजे मीच. ताकाला जाऊन भांडं लपवलं. तू ओळखशील असं वाटलं होतं, आणि ओळखू नयेस असंही वाटत होतं.

तिचं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. कापडावर इस्त्री तशीच ठेवून शेजारी गप्पा मारायला गेली, इतकंच आधी. मग शिवणाच्या गिऱ्हाइकांची मापं चुकायला लागली. तिची मापं चुकणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. एके दिवशी दोरा आणायला गेली ती बस डेपोत सापडली, हातात रीळ घेऊन उभी. बाई ठेवून पाहिली. तिनं बाईला चोर समजून बाहेर काढलं. दुसरी ठेवली, तिलाही काढलं. घरात मी सोबत असलो तरी सारखी विचारते की घरी कधी जायचं. गाडी चालू असली की विचारत नाही. आपण निघालोय एवढं तिला कळतं आणि तेवढं तिला पुरतं. तू लिहिलंस की यात माझी सोय आहे. आहे. खोटं कशाला बोलू?

मे महिन्यापासून मी तिला नेणं बंद केलं होतं. शेजारणीकडे दोन तास, आणखी कुणाकडे तासभर, असं करून पाहिलं. चार दिवसांत तिनं जेवण टाकलं. मग पुन्हा शेजारी बसवायला लागलो. गेल्या आठवड्यात एक तरुण बाई बसल्या. हिनं मागे वळून त्यांच्या बाहीची उसवलेली शिवण पाहिली आणि बाही धरली, सोडेचना. शिवून देते म्हणत होती. त्या बाई घाबरल्या. मीही घाबरलो असतो. त्यांनी तक्रार केली ती योग्यच आहे.

तुला प्रश्न पडला असेल की जानेवारीत मी तसं मत का दिलं. हात दाखवून अवलक्षण! मीही तेच डोक्यात घोळवतोय. त्या संध्याकाळी ती थरथरणारी मुलगी माझ्या गाडीत झोपली ती पुढच्या सीटवर तुझी वहिनी होती म्हणून. तिला बघूनच ती गाडीत चढली. आणि तरी तुला लिहिताना माझ्या मनात आलं नाही की माझ्याही शेजारी कुणी बसलेलं आहे. दुसरं माणूस म्हणून ती मला मोजताच आली नाही, इतकंच.

सुनावणीला येऊ नकोस, कुणाला शब्द टाकू नकोस. तुझं नाव निघालं तर तुझी निवृत्तीआधीची दोन वर्षं नासतील. आम्ही बघून घेऊ.

तुझा,
दादा

१४ जून

दादा,

नमस्कार. मायने लिहायला हात चालत नाही.

मी तुझ्यावर खूप चिडले आहे. दोन वर्षं! चष्म्याचा नंबर म्हणे! मी वेड्यासारखी पत्रात थट्टा करत राहिले आणि तू ती वाचत राहिलास. माझ्या बावीस एप्रिलच्या पत्राची एक एक ओळ मला पाठ झाली आहे. नातेवाइकांना सांगावं, असं मी कुणाला शिकवत होते? तुम्हाला मूलबाळ नाही, मला तुमच्याशिवाय कुणी नाही. मी तुझी नातेवाईक नव्हते का रे?

काल मी सवलतीचं कलम लिहायला बसले. आजारी जोडीदार, डॉक्टरांचा दाखला, प्रवाशाची आधी संमती, सगळं घातलं. मग सवयीनं, दुसऱ्या कुणाचा मसुदा तपासावा तसं वाचलं आणि स्वतःच तीन ठिकाणी खोडलं. प्रवाशाला गाडी दारात आल्यावर विचारलं तर ती नाही म्हणेल का? त्या स्टेशनवरच्या मुलीनं म्हटलं होतं, पण प्रत्येकीला जमतं का? कागद फाडला नाही, ड्रॉवरमध्ये आहे. साहेबांपुढे न्यावा की नाही ते मला कळत नाही. माझ्या भावासाठी नेतेय की बरोबर आहे म्हणून नेतेय, हे मलाच वेगळं करता येईना.

दुसरं मात्र कळतं. माझी रजा साठली आहे, कपाटामागच्या खिडकीसारखी कधी वापरलीच नाही. मी येते. वहिनीजवळ मी बसते, तू गाडी चालव. मला चोर समजून तिनं बाहेर काढलं तर पुन्हा आत येईन, मला सवय आहे, खात्यात हेच केलंय जन्मभर. तू नको म्हणशील हे माहीत आहे. तू जन्मभर सगळ्याला नकोच म्हणत आलास. तरी विचारते, येऊ का?

तुझी,
मास्तरीण

२७ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

सुनावणी झाली. तुझ्या खात्याची अधिकारी वयानं लहान, पण वागायला चांगली होती. तिनं आधी पाणी मागवलं, मग मला समोर बसवून विचारलं, अगदी तू लिहिलंयस तसं. कंपनीचा माणूस होता, तक्रार करणाऱ्या बाईही आल्या होत्या. तुझ्या वहिनीला न्यावंच लागलं, घरी कोण ठेवणार? तिला पाहून त्या बाईंना वाईट वाटलं, त्या तक्रार मागे घेते म्हणाल्या. अधिकारी म्हणाली की तक्रार मागे घेतली तरी नियम मोडलेलाच आहे. बरोबर बोलली. ड्रॉवरमधला तो कागद तिथंच राहू दे. मी या धंद्यात नसतो आणि माझी मुलगी स्टेशनबाहेर उभी असती, तर मला हाच नियम हवा होता.

मी सगळं कबूल केलं. मग अधिकारी म्हणाली की पुन्हा कुणालाही शेजारी बसवणार नाही एवढं लिहून द्या, खातं आजच सुरू करायला सांगते. कागद तयार होता. सही करायच्या आधी नोंदीसाठी म्हणून तिनं तुझ्या वहिनीला मायेनं विचारलं की हे तुमचे कोण?

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली की हे ड्रायव्हर आहेत. फार सांभाळून चालवतात, मला रोज घरी सोडतात. मग खुर्ची पुढं ओढून तिनं अधिकारीबाईचा हात धरला आणि हळूच सांगितलं की यांना कामावरून काढू नका, यांच्या घरी बायको आजारी आहे.

कंपनीचा माणूस खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मला रडू आलं, तिथंच, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

तुला लिहिलं नव्हतं, पण गेले काही आठवडे घरात ती मला बिचकते. मी स्वयंपाकघरात गेलो की भिंतीला चिकटून उभी राहते. रोज सांगावं लागतं की मी कोण, आणि सांगितल्यावरही तिला पटतंच असं नाही. गाडीत कधी सांगावं लागलं नाही. का, ते मला त्या खोलीत कळलं. घरात एक परका पुरुष असतो. गाडीत तिच्या ओळखीचा माणूस असतो. आता त्या कागदावर सही करून मी उद्यापासून दिवसभर बाहेर राहिलो, तर तिच्याजवळ दोघांपैकी कुणीच उरत नाही.

सही केली नाही. खातं कायमचं बंद करा म्हटलं. अधिकारीबाईनं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. कंपनीच्या माणसाला फोन दाखवून त्यातलं त्यांचं सगळं काढून टाकलं. इतकी वर्षं तो वाजला की हातातला घास टाकून उठायचो, आता गप्प पडलाय. गाडी आपली आहे. सकाळ-संध्याकाळ तिला फिरवीन. बाकीचं कसं निभेल याचा विचार आज होत नाही, फार दमलो आहे.

बाहेर आल्यावर ती मागच्या सीटवर बसली. मी विचारलं कुठं जायचं, तर म्हणाली घरी. वाटेत तिनं माझ्याकडे माझ्या बायकोची चौकशी केली. काय होतं, औषध घेते का, तुम्ही तिच्यावर ओरडत नाही ना. मी सगळी खरी उत्तरं दिली. दारात उतरून तिनं माझे आभार मानले, बायकोला जपा म्हणाली, आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. खिडकीतून दिसते, खुर्चीवर बसली आहे, ठीक आहे. थोड्या वेळानं हाका मारेल, की नाही मारणार, सांगता येत नाही.

येऊ का म्हणून विचारलंस. ये. लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही, तो घेऊनच ये.

तुझा,
दादा